काल त खाल्लं होतं न तू!

गेली काही वर्षं एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच मला ते कळतं. ‘काल त खाल्लं होतं न तू, मंग आज काहून नाही?’ ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, माहेरी, सासरी, सगळीकडे हेच. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं हे मला ठाऊक आहे. पण हिला खरंच त्रास होतो की ही मनाला येईल तसं करते, अशी शंका त्या प्रश्नात असते. त्या शंकेनं मला कधीकधी पोटदुखीहून जास्त दुखवलंय. वाढणारी बाई हातात पळी घेऊन समोर उभी असते तेव्हा या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. म्हणून आज इथे सावकाश देते.

मला दूध सोसत नाही. गहू, कांदा, लसूण सोसत नाही. हरभरा आणि त्याचं बेसन, राजमा, फुलकोबी, मशरूम, आंबा, टरबूज हेही त्याच यादीत. नागपूरच्या माणसाला ही यादी ऐकवली की तो सगळ्यात आधी तर्री पोह्यांचं विचारतो. पोहे चालतात. तर्रीत मात्र हरभरा, कांदा, लसूण तिन्ही असतात. सावजीचा रस्सा कांदा-लसणाशिवाय होत नाही. झुणका, पातोडीचा रस्सा, गोळाभात, पुडाची वडी, सगळ्यात बेसन नाहीतर हरभऱ्याची डाळ. रोडगे गव्हाचे. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण मोठ्या हौसेनं त्याच्यापुढे जे ठेवतो, त्यातल्या बहुतेक पदार्थांत माझ्या यादीतलं काहीतरी असतंच.

पण ‘सोसत नाही’ म्हणजे ‘एक कणही चालत नाही’ असं नाही, आणि सगळा गोंधळ इथेच होतो. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या माणसाच्या जिवावर एखादा दाणाही बेतू शकतो, कारण तिथे शरीराची प्रतिकारयंत्रणाच उलटते. सीलिअॅक आजारातही गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर हल्ला करते. म्हणून आपल्याकडे ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असू नये असा नियम आहे. माझा त्रास पचनाचा आहे. आणि पचनात सगळं प्रमाणावर ठरतं.

दुधाचंच घ्या. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, आणि ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं. लहानपणी ते भरपूर असतं, पुढे जगातल्या बहुसंख्य माणसांमध्ये ते कमी होत जातं. तरीही अशा लोकांपैकी पुष्कळांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण कपभर दूध, जेवणासोबत घेतलं तर निभतं. मला तेवढं निभत नाही, पण चहातलं दोन चमचे दूध निभतं. तूप मी निर्धास्त खाते, कारण त्यात लॅक्टोज जवळपास उरतच नाही. ‘दूध चालत नाही आणि तुपाची धार कशी चालते?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकासाठी हे उत्तर आहे.

गहू, कांदा, लसूण यांत फ्रुक्टान असतात. हरभऱ्यात आणि राजम्यात गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड असतात. नावं अवघड आहेत. लक्षात एवढंच ठेवायचं की साखरेच्या या साखळ्या तोडणारं एन्झाइम कुठल्याच माणसाच्या आतड्यात तयार होत नाही. माझ्या नाही, तुमच्याही नाही. त्या न पचता मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. तुमचं आतडं हे सहज सहन करतं. माझं आतडं थोडं ताणलं तरी कळवळतं, आणि मग पोट ढोलासारखं फुगणं, मुरडा, धावपळ हे सगळं सुरू होतं. फुलकोबी आणि मशरूममधलं मॅनिटॉल नावाचं साखरेसारखं द्रव्य, आंब्यातलं जास्तीचं फ्रुक्टोज म्हणजे फळांतली साखर, यांची तऱ्हा थोडी वेगळी, ती आतड्यात पाणी ओढून आणतात. या संवेदनशील आतड्याच्या त्रासाला डॉक्टर आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणतात.

मी लेखा विभागात काम करते, त्यामुळे मला हे जमाखर्चासारखंच लवकर समजलं. दिवसभरात फ्रुक्टानचा जो खर्च होतो तो पोळीतून झाला, कांद्यातून झाला की लसणातून, सगळा एकाच खात्यात मांडला जातो. समजा मंगळवारी मी दिवसभर भात, मुगाचं वरण आणि लवकीची, म्हणजे दुधीची, भाजी खाल्ली. दुपारी कुणाच्या तरी प्रमोशनचे तर्री पोहे आले. मी पोह्यांवर दोन चमचे तर्री घेतली, हरभरे बाजूला ठेवले, काही झालं नाही. बुधवारी सकाळी आईकडे अर्धी पोळी खाल्ली, दुपारी डब्यातल्या भाजीत कांदा होता. संध्याकाळी तीच तर्री समोर आली तर मला नाही म्हणावंच लागतं. पाहणाऱ्याला मंगळवारची मी दिसते आणि बुधवारची मी दिसते. मधली पोळी आणि कांदा त्याला दिसत नाही.

शिवाय त्रास लगेच होत नाही. अन्न मोठ्या आतड्यापर्यंत पोचायला काही तास लागतात. सकाळी नऊला खाल्लेल्याचा मुरडा दुपारी साध्या वरण-भातानंतर येतो आणि बदनाम वरण होतं. मी कित्येक महिने तुरीच्या डाळीवर संशय घेत होते, कारण ती रोज दुपारी माझ्या ताटात असायची. म्हणूनच आहारतज्ज्ञ बाईंनी मला वही ठेवायला सांगितली, काय खाल्लं, किती वाजता, कितीसं, आणि पोट कधी दुखलं. मार्च एंडिंगच्या दिवसांतही मी ती वही सोडली नाही.

आता ज्या गोष्टीवर कुणाचाच विश्वास बसत नाही ती. मला न सोसणारं थोडं थोडं खावंच लागतं.

ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठातले डॉक्टर पीटर गिब्सन आणि आहारतज्ज्ञ स्यू शेफर्ड यांनी २००५ साली या सगळ्या आंबणाऱ्या साखरांना मिळून फॉडमॅप हे नाव दिलं. त्यांच्या पद्धतीत कडक पथ्य फक्त दोन ते सहा आठवडे असतं. त्या काळात सगळं बंद. त्यानंतर एकेक गट परत आणायचा. एका वेळी एकच, आधी थोडा, दुसऱ्या दिवशी जरा जास्त, मग आणखी जास्त, आणि कुठे त्रास सुरू होतो ते पाहायचं. ती आपली मर्यादा. तिच्या आत राहून जेवढं खाता येईल तेवढं खायचं, कारण हेच फ्रुक्टान आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य आहे. जन्मभर सगळं बंद ठेवलं तर ते जिवाणू कमी होतात. म्हणजे मी ज्या दिवशी अर्धी पोळी खाते त्या दिवशी मी पथ्य मोडत नसते. ती अर्धी पोळी माझ्या उपचाराचाच भाग असते. कृपा करून तिच्याकडे बोट दाखवून ‘बघ, चालते की नाही!’ म्हणू नका.

हे वाचून कुणाला आपलंच वर्णन वाटलं तर एक कळकळीची विनंती. उद्यापासून गहू बंद करू नका. आधी डॉक्टरकडे जा आणि सीलिअॅकची रक्ततपासणी करून घ्या, टीटीजी-आयजीए म्हणतात तिला. ती करताना रोजच्या जेवणात गहू असावा लागतो. आधीच बंद केला तर आजार असूनही तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. माझी निगेटिव्ह आली आणि ती खरी होती, कारण डॉक्टरांनी मला आधी पोळ्या खायलाच सांगितलं होतं. लॅक्टोजसाठी श्वासाची चाचणी होते. लॅक्टोजचं पाणी पाजतात, मग ठराविक वेळानं नळीत फुंकायला सांगतात आणि श्वासातला हायड्रोजन मोजतात. तो मूळ आकड्याहून २० पीपीएमनं (दहा लाख भागांत २० भागांनी) वाढला की दुधाची साखर पचत नाही असं धरतात. शौचावाटे रक्त जात असेल, वजन आपोआप उतरत असेल, रात्री झोपेतून उठून शौचाला जावं लागत असेल, तर पथ्याचा विचार नंतर, डॉक्टर आधी.

आणि रक्ताच्या एका नमुन्यात दोनशे पदार्थ तपासून देतो म्हणणाऱ्या महागड्या पॅकेजांच्या नादी लागू नका. त्यांतल्या बऱ्याच चाचण्या आयजीजी नावाची रक्तातली अँटिबॉडी मोजतात. आयजीजी दिसतं ते आपण तो पदार्थ खातो म्हणून, तो सोसत नाही म्हणून नाही. अॅलर्जी तज्ज्ञांच्या मोठ्या संस्थांनी अशा चाचण्या वापरू नका असं स्पष्ट सांगितलेलं आहे. माझ्या नात्यातली एक मुलगी अशा रिपोर्टवर विसंबून भात, मूग, अंडी सगळं सोडून बसली होती. तिची हाडं दिसायला लागली तेव्हा घरच्यांनी तिला डॉक्टरकडे नेलं. मला आठवलं तरी अजून संताप येतो.

आता महालक्ष्म्यांची गोष्ट. माझं सासर काटोलकडचं. आमच्याकडे भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा येतात, वर फुलोरा बांधतात, आणि जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या, पुरणपोळी, वडे, कढी, ज्वारीची आंबील असा स्वयंपाक पहाटेपासून चालतो. नैवेद्यात कांदा-लसूण नसतो, हे माझ्यासाठी फार सोयीचं. पण पुरणपोळीत गहू आणि हरभऱ्याची डाळ दोन्ही, वडे-कढीत बेसन आणि ताक. माझं निदान झालं त्या वर्षी मी आदल्या संध्याकाळी एक पातोडी खाल्ली होती आणि दुसऱ्या दिवशी पोळीला नाही म्हटलं. पंगतीत बसलेल्या जाऊबाईंनी ते वाक्य मोठ्यानं म्हटलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलल्याच नाहीत. त्यांच्या लेखी मी महालक्ष्मीचा प्रसाद नाकारला होता.

रात्री भांडी आवरून झाल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मला वाईट वाटत होतं, आणि त्यांनाही वाटत होतं. मी एक वाटी आणि एक चमचा घेतला आणि दाखवलं, की आई, मला एवढं पुरण चालतं आणि एवढं नाही, आणि ज्या दिवशी पातोडी खाल्ली त्या दिवशी एवढंही नाही. त्या बराच वेळ वाटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मंग हे आधी काहून नाही सांगितलं? मले वाटलं तुले आवडतच नाही.”

नंतर त्या इतक्या काळजीत पडल्या की आमच्या नागपूरच्या घरी आल्या तेव्हा चष्मा लावून एकेक डबा वाचत बसल्या. हिंगाच्या डबीवर मैदा लिहिलेला सापडला आणि त्यांनी ती डबी उचलून टाकूनच दिली. बाजारातला बहुतेक हिंग हा मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक घालून बांधलेला असतो, ही गोष्ट खरी आहे. सीलिअॅक असलेल्यांनी मैद्याचा हिंग घरात आणूच नये. इतवारीत किराणा ओळीत विचारलं तर तांदळाच्या पिठाचा मिळतो, मागचं लेबल तेवढं आपण स्वतः वाचून घ्यावं. मला मात्र फोडणीतला चिमूटभर हिंग काही करत नाही, तेवढ्यातला मैदा नगण्य. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हापासून त्यांचा प्रश्न बदलला. ‘चालते का’ असं त्या आता विचारत नाहीत. “तुले आज किती चालते, सांग,” म्हणतात. महालक्ष्मीच्या पानात माझ्यासाठी चमचाभर पुरण आणि ज्वारीच्या छोट्या भाकरीवर तूप असतं, आणि आंबील त्या माझ्यासाठी ताकाऐवजी पाण्यात आंबवलेल्या पिठाची वेगळी काढून ठेवतात. त्यांना कुणी विचारलं तर माझ्याआधी त्याच उत्तर देतात.

वर्षातला सगळ्यात सोपा काळ म्हणजे चातुर्मास. आषाढात कांदेनवमीची भजी झाली की कितीतरी घरांत कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण बंद. त्या महिन्यांत मी लोकांकडे मोकळ्या मनानं जेवायला जाते. उपासाचं तर विचारूच नका. भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची उसळ, बटाट्याची भाजी, यांत गहू नाही, कांदा नाही, हरभरा नाही. प्रवासात मी हॉटेलात उपासाची थाळीच मागते, वार कुठलाही असो. सगळ्यात अवघड काळ उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, घरोघरी ताक, आमरस, टरबूज, आणि तिन्ही माझ्या यादीतले. मी कैरीचं पन्हं आणि लिंबाचं सरबत पिते. संत्र्यांनी मात्र मला कधी दगा दिला नाही. एका वेळी एकच खाते, पण आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात त्या दिवसांत रोज खाते, आणि फेब्रुवारीत मृग बहाराची आली की पुन्हा.

लसणाशिवाय भाजीला चव कशी येते, हे बायका मला आवर्जून विचारतात. फ्रुक्टान पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. म्हणून लसणाच्या अख्ख्या पाकळ्या नुसत्या तेलात मंद आचेवर बदामी होईपर्यंत तळायच्या आणि सगळ्या काढून टाकायच्या. वास तेलात राहतो, फ्रुक्टान पाकळीसोबत निघून जातात. हे भाजीत पाणी पडायच्या आधीच करायचं. पाकळ्या रश्श्यात राहिल्या तर फायदा नाही, कारण रश्श्यात पाणी असतं. असं तेल रोजच्या रोज करावं, भरून ठेवू नये, तेलात लसूण साठवला की विषारी जिवाणू वाढण्याची भीती असते. कांद्याऐवजी मी पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात घेते, पांढरा भाग शेजारणीला देते. वर भरपूर सांभार, म्हणजे कोथिंबीर, जवसाची चटणी, भिवापुरी मिरची, ज्वारीची भाकर. माझ्या आजीला हे ताट पाहून काहीच वेगळं वाटलं नसतं. आजीच्या घरी पोळ्या सणालाच व्हायच्या.

पाकिटातलं खाणं मात्र कटकटीचं. २०२० च्या लेबल नियमांप्रमाणे ग्लूटेनयुक्त धान्यं, दूध, सोयाबीन, शेंगदाणे असे काही घटक असले तर ते वेगळे जाहीर करावे लागतात. त्या यादीत कांदा-लसूण नाहीत. त्यामुळे चिवड्याच्या नाहीतर वेफर्सच्या पाकिटावर बारीक अक्षरांत शोधत बसावं लागतं. औषधाच्या गोळ्यांमध्येही भर म्हणून लॅक्टोज असतं. ते इतकं थोडं असतं की मला काही होत नाही, आणि त्या भीतीनं कुणी औषध बंद करू नये.

लग्नाच्या बुफेत जैन काउंटर असतो तिथे माझी निम्मी सोय होते. उरलेल्या निम्म्यासाठी मी केटरिंगवाल्या भाऊंना विचारते. ग्रेव्हीत काजू आहे की बेसन, भातात दूध-साय आहे का, कचोरीत डाळ कुठली. काही जण चिडतात, काही जण आत जाऊन स्वयंपाक्याला विचारून येतात. माझं त्यांना आणि यजमानांना एवढंच मागणं आहे की पदार्थाच्या नावाच्या पाटीवर खाली एक ओळ वाढवा. गहू, दूध, कांदा-लसूण, बेसन, शेंगदाणे, यांतलं काय काय आत आहे तेवढं लिहा. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेलं एखादं लेकरू त्या लग्नात असेल तर त्याच्या आईला ती ओळ माझ्यापेक्षा कितीतरी जास्त लागते. किती घ्यायचं ते मग आमचं आम्ही ठरवतो.